दाखल्याचा सत्कार

आता माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे, 'समुपदेशन कक्ष'. आत दोन गुबगुबीत खुर्च्या, फिकट निळा पडदा आणि टेबलावर टिश्यूचा डबा. डबा कुणी उघडत नाही. शिरूरची पोरं डोळे बाहीलाच पुसतात, पण तपासणीला आलेल्यांना तो दिसला की बरं वाटतं. खोली चांगली आहे, तक्रारीला जागा नाही. तरीही दुपारी शाळा शांत झाली की मला दौंडकडच्या एका शाळेतली खेळाच्या सामानाची खोली आठवते आणि मी उगाचच उदास होते.

आमच्या संस्थेच्या शाळा शिरूर आणि दौंड अशा दोन्ही तालुक्यांत आहेत. नव्याने समुपदेशक म्हणून लागले तेव्हा मला पाच शाळा वाटून दिल्या होत्या. मंगळवार आणि शुक्रवार त्या गावाचे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खुटबावच्या बाजूला आहे एवढं पुरे. सकाळी शिरूरच्या डेपोतून चौफुल्याची एसटी धरायची. न्हावऱ्यात ती उगाच उभी राहायची, आणि पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली की गुऱ्हाळांचा वास सुरू व्हायचा. उकळत्या रसाचा तो वास आत शिरला की डुलक्या घेणारी माणसंही पिशव्या गोळा करायला लागायची. मी मात्र वैतागायचे, कारण घाईत उपाशीपोटीच निघालेली असायचे. आता शिरूरच्या बाजारात गुळाच्या ढेपा दिसल्या की मी काही घ्यायचं नसताना थांबते.

त्या शाळेत पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी परिपाठाला माझी ओळख करून दिली. "या मॅडम मुलांशी बोलतात," असं म्हणाले. पुढच्या रांगेतल्या एका पोरीने तिथल्या तिथे विचारलं, "फकस्त बोलत्यात? शिकवत न्हाईत?" स्टाफरूममधल्या बऱ्याच जणांच्या मनातला प्रश्नही तोच होता. मला बसायला जागा कुठे द्यायची यावर दोन दिवस खल झाला, आणि शेवटी खेळाची खोली मिळाली. भिंतीला लेझमा टांगलेल्या, कोपऱ्यात भाले, एक फाटका ढोल, हवा गेलेले फुटबॉल आणि मैदान आखायच्या फक्कीची दोन पोती. संध्याकाळी घरी जाईपर्यंत माझ्या साडीचे काठ पांढरे झालेले असायचे. कुणी जोरात दार लावलं की सगळ्या लेझमा एकदम वाजायच्या आणि रडणारं पोरही हसायचं. तसं काही या निळ्या पडद्याला जमत नाही.

पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर शाळेत सुंदर वही स्पर्धा निघाली. "मॅडम, तुम्हाला तास नसतात. तेवढ्या वह्या बघून टाका," म्हणत मुख्याध्यापकांनी नववीचे गठ्ठे माझ्याकडे पाठवले. तास नसतात हे ते इतकं गोड बोलायचे की चिडायचीही सोय नव्हती. धुसफुसत मी वह्या बघायला बसले आणि एका वहीवर हात थांबला. छापल्यासारखं अक्षर, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ, खाडाखोड नावाला नाही. मी ती पहिल्या नंबरावर ठेवली. मग पानं उलटताना दिसलं की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चौकट आहे आणि तिच्यात 'पट', 'हजर', 'गैरहजर' असं लिहून पुढे आकडे टाकलेत. खाली दुसऱ्या कोपऱ्यात 'पुसू नये'. फळ्यावर शिक्षकांनी जे जे लिहिलं होतं, ते सगळंच्या सगळं वहीत आलं होतं.

मला हसू आवरेना. मधल्या सुट्टीत चहा पिताना मी ती वही स्टाफरूममध्ये फिरवली. वर्गशिक्षक म्हणाले, "शेवंतीवाल्यांची पोर ती. लई आज्ञाधारक. वर्गात आवाज नाही तिचा." सगळे हसले, मीही हसले, आणि वहीला पहिला नंबर देऊन टाकला.

संध्याकाळच्या एसटीत बसल्यावर ते हसू उतरलं. ज्याला वाचता येतं तो वहीत 'पुसू नये' कशाला लिहील? ही पोरगी लिहीत नव्हती, चित्र काढत होती. आठ-नऊ वर्षं तिने फळ्याची चित्रं काढली होती, आम्ही तिला शाबासकी देत आलो होतो, आणि आता त्यात बक्षिसाची भर माझी. ज्या कामासाठी मला पगार मिळतो ते काम समोर आलं तेव्हा मी चहाबरोबर त्याची गंमत केली होती. न्हावऱ्यापर्यंत मी स्वतःवर इतकी चिडले होते की सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडले.

शुक्रवारी मी तिला खोलीत बोलावलं. उंच, सडपातळ, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, आणि बोटांना शेवंतीचा उग्र गोडसर वास. सकाळी सहा वाजल्यापासून फुलं तोडून मग शाळेत यायची. मी मराठीचं पुस्तक हातात देऊन म्हटलं, "कुठलाही धडा वाच." तिने पुस्तक उघडलं, नजर पानावर धरली आणि एक धडा घडाघडा म्हणून दाखवला. विरामचिन्हांसकट. फक्त पुस्तक दुसऱ्याच धड्यावर उघडलेलं होतं.

मी बोट ठेवून ते दाखवलं. ती रडली नाही. पुस्तक मिटून तिने नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवलं आणि म्हणाली, "बाई, आईला सांगू नका."

"आईला माहीत नाही?"

"आई सगळ्यांना सांगती, माजी पोरगी वाचनात एक नंबर हाय."

मग वर्षभर आमचं दोघींचं चालू होतं. मला अशा मुलांना शिकवायच्या ज्या पद्धती माहीत होत्या, त्यांना लागणारं साहित्य संस्थेकडून यायचं होतं आणि ते येणारच होतं, म्हणजे येत नव्हतं. मग मी कबड्डीच्या चषकांचा जुना पत्र्याचा ट्रे घेतला, त्यात फक्की पसरली आणि बोटाने अक्षरं गिरवायला लावली. एक अक्षर, त्याचा आवाज, मग ट्रे हलवायचा की अक्षर गेलं. चुकलं तरी खूण राहत नाही, हे तिला फार आवडलं. 'भ' आणि 'म' यांनी आम्हाला महिनाभर दमवलं. मी धडा वाचून दाखवला की मात्र ती अशी उत्तरं द्यायची की मला पुन्हा पुस्तकात बघावं लागायचं. अक्कल तिच्याकडे भरपूर होती. फक्त डोळ्यांपुढचं अक्षर आणि तोंडातला आवाज यांची गाठ पडत नव्हती. याला अध्ययन अक्षमता म्हणतात, हा शब्द मी तिला कधी सांगितला नाही. कधीकधी ती गुऱ्हाळावरचा कोमट गूळ वहीच्या पानात गुंडाळून आणायची. एकदा पान उलगडलं तर कोपऱ्यात 'पुसू नये' होतं, बक्षिसाची वही अशी कामाला आली होती. त्या वेळी आम्ही दोघी इतक्या हसलो की भिंतीवरच्या लेझमाही वाजल्या असाव्यात. माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस कुठले असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पण दहावी जवळ येत होती. वाचता येत नसताना बोर्डाच्या तीन तासांच्या पेपरात ती काय करणार? तिला प्रश्न वाचून दाखवायला आणि सांगितलेलं उत्तर लिहायला लेखनिक हवा होता, जादा वेळ हवा होता. हे नियमाने मिळतं, मात्र त्यासाठी पुण्याच्या सरकारी रुग्णालयातून दाखला आणावा लागतो. दाखला नाही तर ती नापास, आणि नापास म्हणजे कायमची फुलांच्या वाफ्यात, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आईला सांगणं भाग होतं. मुलीची परवानगी घेतली आणि तिच्या घरी गेले. वडील कुरकुंभच्या कंपनीत कामाला, त्यामुळे शेत आणि घर दोन्ही आईच्या अंगावर. तिने सगळं ऐकून घेतलं. लेकीला वाचता येत नाही यावर आधी विश्वास बसेना, मग बसला, आणि मग ती कितीतरी वेळ पदराने हातच पुसत राहिली.

"मॅडम, पोरीची जात हाय," ती म्हणाली. "उद्या सोयरिकीचं निघंल तवा कुनी ह्यो कागद दाखीवला म्हंजी?"

"ताई, हा काही शिक्का नाही. चष्मा लागतो तशी ही मदत आहे. यात लपवण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं. हे वाक्य मला प्रशिक्षणात मिळालेलं होतं आणि मी ते फार छान म्हणायचे.

ते म्हणताना माझ्या घरी काय चाललं होतं, ते इथेच सांगून टाकते. माझी स्वतःची मुलगी तेव्हा शिरूरला सहावीत होती आणि तिचंही नेमकं हेच होतं. ती तिसरीत असतानाच मला कळलं होतं, न कळायला काय झालं, माझा तर तो धंदाच. पण मी तिचा दाखला काढला नव्हता, की कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गशिक्षिकेला नाही, बहिणीला नाही, सासूबाईंना तर नाहीच नाही. उद्या वर्गात कुठला धडा वाचायला लावतील याचा अंदाज घेऊन मी तो रोज संध्याकाळी तिच्याकडून पाठ करून घ्यायचे. म्हणजे शेवंतीवाल्यांची पोर जे एकटीने करत होती, तेच मी माझ्या लेकीकडून शिस्तीत करून घेत होते. समुपदेशकाच्या घरात असं कसं, असं लोक म्हणतील, हीच भीती. दुसरं कुठलंही मोठं कारण नव्हतं.

"गावात कळाय नगो," शेवटी तिची आई म्हणाली. "तुमच्या-माज्यात ऱ्हायलं पायजे."

"राहील," मी म्हटलं.

खुटबावच्या स्टेशनवरून गाडी धरून मायलेकी पुण्याला तीन खेपा गेल्या. एका खेपेला डॉक्टर रजेवर, एका खेपेला मीही बरोबर. दहावीचं वर्ष सुरू होऊन चार महिने झाले तेव्हा दाखला हातात पडला. आमच्या संस्थेतला तो पहिलाच. बोर्डाच्या अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागत होती, म्हणून त्यांना सांगणं भाग होतं. पण हळू आवाजात सांगता आलं असतं. मी वर्षभर फक्कीत बसले होते, मला तास नसतात हे ऐकून घेतलं होतं. मी भर ऑफिसात दाखला त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "बघा सर, पूर्ण संस्थेत पहिला." बाकी काही सांगितलं नाही. कुणाला कळू द्यायचं नाही, हे एक वाक्य जोडायला मी विसरले. खरं तर विसरलेही नसेन, त्या क्षणी मला ते नको होतं.

आमचे मुख्याध्यापक फार भला माणूस. त्यांना सत्काराची हौस होती. शिष्यवृत्ती मिळाली, सत्कार. बोअरला पाणी लागलं, गाडीवाल्याचा सत्कार. ऑफिसच्या कपाटात शालींचा गठ्ठा आणि नारळ कायम तयार. सरकारी कागद गावातल्या माणसाच्या हाती आला म्हणजे काहीतरी मिळालं, आणि काही मिळालं म्हणजे टाळ्या वाजवायच्या, इतकं त्यांचं सरळ गणित होतं. पुढच्या मंगळवारी परिपाठाला त्यांनी माइकवरून तिचं नाव पुकारलं.

"आपल्या विद्यार्थिनीला शासनाचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे," ते म्हणाले, आणि कशाचं तेही स्पष्ट वाचून दाखवलं. शाळेच्या भोंग्याचं तोंड गावाकडे. तिला शाल घातली, गुलाबाचं फूल दिलं, दाखल्याची प्रत दोन्ही हातांत धरायला लावून फोटो काढला. मग माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. मलाही शाल घातली. शेजारी उभी राहून मी फोटोसाठी हसले आणि सगळ्या पोरांबरोबर टाळ्याही वाजवल्या. तिच्याकडे मी बघितलंच नाही, कॅमेऱ्याकडे बघत होते. खाली उतरल्यावर बघितलं तर तिची रांगेतली जागा रिकामी होती.

दुपारपर्यंत तो फोटो 'हार्दिक अभिनंदन' म्हणून गावाच्या ग्रुपवर गेला होता. शुक्रवारी मी आले तर ती बुधवारपासून गैरहजर. पुढच्या मंगळवारीही नाही. बोर्डाचा अर्ज भरायची मुदत त्याच शनिवारी दुपारी संपत होती. मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अरेरे. मला वाटलं पोरीला बरं वाटेल. मॅडम, उद्या परिपाठाला मी जाहीर माफी मागतो."

"सर, आता काहीही जाहीर करू नका," मी म्हटलं आणि त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून तिच्या घरी गेले.

अंगणात ताडपत्रीवर शेवंतीचा ढीग पडला होता. मायलेकी फुलं निवडून क्रेटमध्ये भरत होत्या. सर कोपऱ्यावरच थांबले, त्यांना पुढे यायचा धीर झाला नाही. आईने मला बसा म्हटलं नाही. त्या भागात पाणी न विचारता माणसाला उभं ठेवणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं.

"सबूद दिल्ता तुमी," ती म्हणाली. "माज्या माहेरावरनं फोन आला. म्हनं, लेक वेडी हाय व्हय गं. आता ऱ्हाऊ द्या शाळा. फुलं काय वाचून तोडाय लागत न्हाईत."

मी मुलीकडे वळले. ती मान खाली घालून हात चालवत होती. "सरांचं चुकलं," मी म्हटलं.

"सरास्नी काय म्हाईत व्हतं?" ती खालच्या मानेनेच म्हणाली. "तुमाला म्हाईत व्हतं. तुमी बी टाळ्या वाजवल्या."

"हो, वाजवल्या. माझं चुकलं," एवढं म्हणून मी ताडपत्रीच्या कडेला मातीतच बसले. त्याआधी एखाद्या विद्यार्थ्याला मी असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही. मग तिच्या आईने हातातलं फूल क्रेटमध्ये टाकलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"मॅडम, एक इचारते. तुमच्या लेकीचं असं असतं, तर तुमी काढला असता का दाखला?"

तिला काही माहीत नव्हतं. तिने आपलं सहज, रागाने विचारलं होतं. 'हो' म्हणणं इतकं सोपं होतं, तो शब्द माझ्या ओठांवर आलाही होता. पण त्या पोरीची बोटं थांबली होती. ती ऐकत होती.

"माझ्या लेकीचं असंच आहे," मी म्हटलं. "आणि मी नाही काढला दाखला. कुणाला सांगितलंही नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय."

पोरीने वर बघितलं. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"कितवीत हाय?"

"आता सातवीत."

"वर्गात वाचाय लावत्यात?"

"लावतात."

"मंग काय करती?"

"मी पाठ करून घेते. नसलं पाठ तर पोटात दुखतंय म्हणते."

"मी बी पोटच सांगायची," ती म्हणाली. थोडा वेळ फुलं निवडत राहिली. मग तिने विचारलं, "तिचा कवा काढनार?"

मी ताडपत्रीवरचं एक फूल उचलून क्रेटमध्ये टाकलं. शाळेत येणार की नाही हे तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा मला हक्क नव्हता. तिच्या आईने निघताना तांब्याभर पाणी आणून दिलं. मी तांब्या रिकामा करून परत दिला.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माझी लेक पुस्तक उघडून जेवणाच्या टेबलाशी बसलेली होती. रोजच्यासारखं. तिला आईची वेळ माहीत होती. मी हातपाय धुतले, तिच्यासमोर बसले आणि पुस्तक मिटलं.

"आज पाठ नाही करायचं," मी म्हटलं. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं, काय चुकलं म्हणून. तेव्हा मला कळलं की हे टेबल तिला कसं वाटत असेल. मी तिला दौंडच्या त्या मुलीचं सगळं सांगितलं. वही, फक्कीचा ट्रे, सत्कार, टाळ्या, सगळं. ऐकताना ती मधेच म्हणाली, "तिलाही भ आणि म सारखेच दिसतात?" असं दुसरं कुणी या जगात असेल हे तिला माहीतच नव्हतं. तिची आई ज्या मुलांना दिवसभर भेटत होती, त्यांच्याबद्दल तिच्या आईने तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"मला ती बघायचीय," ती म्हणाली.

शनिवार माझा त्या शाळेचा दिवस नव्हता. तरी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकराला सुटायची. दहा वाजले, साडेदहा वाजले. मुख्याध्यापक अर्ज आणि पेन पुढ्यात घेऊन बसले होते आणि दर पाच मिनिटांनी चष्मा पुसत होते. पावणेअकराला ती आली, मागे आई. आई अर्जाकडे न बघता आधी माझ्या लेकीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिला खालवर न्याहाळलं.

"ही व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, पोरीची समजूत काढाय तुमी रचून सांगितलं."

मग तिने माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि सरांना विचारलं, "सही कुटं करायची?"

अर्ज भरेपर्यंत त्या दोघी पोरी खेळाच्या खोलीत होत्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. एकदा लेझमा वाजल्या, एकदा दोघी मोठ्याने हसल्या. बाहेर आल्या तेव्हा माझ्या लेकीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. नववीतल्या एका मुलीला लेखनिक म्हणून घेऊन तिने परीक्षा दिली आणि ती पास झाली. फार मार्क पडले असं नाही, पण पास झाली. त्या वर्षी शाळेच्या दारात आणखी दोन मुलांच्या आया येऊन दाखल्याचं हळूच विचारून गेल्या, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना स्वतः माझ्या खोलीपर्यंत आणून सोडलं, एक शब्द न बोलता. शेवंतीवाल्यांची पोर आता केडगावजवळ रोपवाटिकेत कामाला आहे. मला अधूनमधून आवाजी निरोप पाठवते, लिहायचा कंटाळा अजून गेलेला नाही. ते सगळं चांगलंच झालं. मला मात्र जास्त आठवते ती त्या शनिवारची परतीची एसटी.

खिडकीशी माझी लेक बसली होती. नखांमधली फक्की काढत होती. पारगाव मागे पडलं. मीच विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"ती म्हणाली, ती आठ वर्षं घाबरून होती. तिच्या आईला कळेल म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, माझ्या आईला पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली. "मला तीच भीती वाटायची."

ती पुन्हा नखं साफ करू लागली. मी तिचा हात हातात घेतला, तिने तो काढून घेतला नाही. सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी पुण्याला गेलो.